प्रतिसाद: डर्माटोमवरचा आकडा आणि निघणारी कातडी

वर कुणीतरी म्हटलंय की विजेवरच्या डर्माटोमला (त्वचारोपणासाठी कातडीचा पातळ थर कापून काढणारं यंत्र) जाडीचा आकडा लावला की काम झालं, हात कुणाचाही असो. अर्धंच पटतंय. हातातल्या सुरीपेक्षा कातडीची पट्टी एकसारखी निघते हे खरं, पण आकडा म्हणजे फक्त पातं आणि त्याच्यासमोरची यंत्राची कड यांच्यातली फट. यंत्र जोरात दाबलं की ०.३ मिमी लावूनही कलम (काढलेली कातडी) जाड निघतं, हात हलका पडला की जाळीसारखं विरळ.

आम्हाला शिकवलेली सवय सांगतो: आकड्यावर विसंबायचं नाही, १५ नंबरचं ब्लेड (शस्त्रक्रियेच्या सुरीचं छोटं पातं) त्या फटीत दोन्ही टोकांना घालून बघायचं. एकदा माझ्यासमोर पातं नीट बसलं नव्हतं, आकडा मात्र बरोबर! ब्लेड एका टोकाला अडकलं, दुसऱ्या टोकाला सुळकन आत गेलं. तसंच चालवलं असतं तर एका कडेने थेट चरबी दिसली असती.

बाकी, जिथून कातडी काढायची त्या मांडीवर तेलाचा हात, कातडी ताणून धरणारा सहाय्यक आणि यंत्र टेकवण्याआधीच सुरू करणं, हे आलंच. निघाल्यावर खालची जागा बघा: रक्ताचे बारीक, दाट ठिपके म्हणजे कलम पातळ, मोठे नि विरळ म्हणजे जाड.