प्रतिसाद: नुसती हद्द आखून खेकडे वाचत नाहीत

दुर्गम बेटांवर माणूसच कमी, तेव्हा राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं की खेकडे-शिंपले आपोआप वाचतात, असं वर म्हटलंय. मला हे पटत नाही. हिंदी महासागरातलं ख्रिसमस आयलंड बघा. बेटाचा जवळपास दोन तृतीयांश भाग राष्ट्रीय उद्यान आहे, तरी तिथल्या लाल खेकड्यांचे कोट्यवधींनी जीव गेले, तेही मुंग्यांमुळे.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांतून आलेली 'वेडी पिवळी मुंगी' अनेक दशकं गपगार होती. मग झाडांवरच्या, बाहेरूनच आलेल्या खवले किडीचा गोड चिकटा तिला भरपूर मिळू लागला आणि वारुळं अफाट वाढली. ही मुंगी फॉर्मिक आम्ल फवारते. खेकडा आंधळा होतो आणि मरतो. खेकडे गेले की पालापाचोळा साचतो, रोपांची गर्दी होते, जंगलाचं रूपच पालटतं.

विषारी आमिषं हेलिकॉप्टरमधून टाकून झाली. २०१६ च्या डिसेंबरात मात्र मलेशियातून आणलेली, जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी सोडली. ती मुंगीला हातही लावत नाही, फक्त खवले कीड संपवते. मुंगीचं खाणंच तोडायचं! मला हा उपाय फार आवडतो.

शिवाय हा खेकडा राहतो जंगलात, पण माद्या अंडी सोडतात समुद्रात, कृष्ण पक्षात, पहाटे भरती ओसरू लागताच. पिल्लं महिनाभर समुद्रात असतात, आणि कित्येक वर्षी जवळजवळ एकही परतत नाही. ही वाट उद्यानाच्या कुंपणात कशी मावणार?