स्वतंत्र कथेचा ॲनिमेशनपट 'चालला' की 'पडला', हे कोणत्या आकड्यावर ठरवायचं?

आटपाट_नगर (धागाकर्ता)

१६ जून २०२३ ला डिस्नेच्या पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा 'एलिमेंटल' अमेरिकेत लागला. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला २.९६ कोटी डॉलर, खर्च २० कोटी. सोमवारपर्यंत निकाल लागला होता: पिक्सार संपलं, लोकांना आता नव्या गोष्टी नकोत. हाच चित्रपट थिएटरांतून उतरला तेव्हा अमेरिकेतली कमाई १५.४ कोटी आणि जगभरातली ४९.६ कोटी डॉलर झाली होती. पण 'आपटला' हा शिक्का आजही पुसलेला नाही. गप्पांत विषय निघाला की लोक तेच म्हणतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

पिक्सारचाच आदल्या वर्षीचा 'लाइटइयर' शेजारी ठेवून बघा. खर्च तेवढाच, २० कोटी. 'टॉय स्टोरी'तल्या बझ लाइटइयरचं नाव पोराटोरांना पाठ, म्हणून पहिल्या तीन दिवसांत ५ कोटींच्या वर गेला. दुसऱ्या आठवड्यात मात्र साठ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि अमेरिकेत ११.८ कोटींवर थांबला. म्हणजे पहिल्या तीन दिवसांच्या सव्वादोन-अडीच पट. 'एलिमेंटल'ची दुसऱ्या आठवड्यातली घट साधारण ३८ टक्के, आणि शेवटचा आकडा पहिल्या तीन दिवसांच्या पाच पटींहून जास्त.

माझं म्हणणं एवढंच आहे. सिक्वेल नाही, रिमेक नाही, पुस्तक नाही, खेळणं नाही, अशा चित्रपटाचे पहिले तीन दिवस फक्त नावाची ओळख मोजतात. ती नसणारच. चित्रपट कसा आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळतं. आपल्याकडे तर यश आठवड्यांतच मोजायची रीत होती. दादा कोंडके यांचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले असं आपण अभिमानाने सांगतो. त्यांतल्या एकाचाही पहिल्या शुक्रवारचा गल्ला कुणाला माहीत आहे का?

खातेवही

पूर्ण असहमत. दादांच्या काळी चित्रपट थोड्या थिएटरांत लागायचा आणि एकेका गावात महिनोन् महिने मुक्काम ठोकायचा. आता एकाच दिवशी चार हजार ठिकाणी लागतो. त्या काळचं माप इथे लावता येणार नाही.

आता तुमचेच ४९.६ कोटी घ्या. हा तिकिटांचा गल्ला आहे, स्टुडिओची कमाई नाही. अमेरिकेत साधारण निम्मे थिएटरवाले ठेवतात, बाहेर स्टुडिओच्या हाती चाळीस टक्क्यांच्या आसपास येतात, चीनमध्ये तर जेमतेम पाव. ढोबळ हिशेब केला तर हाती येतात २१-२२ कोटी. निर्मितीचा खर्च २० कोटी, जाहिरातीचे काही कोटी वेगळे. मग थिएटरवर नफा कुठे झाला? 'अंदाजापेक्षा बरा चालला' आणि 'यशस्वी झाला' यांत फरक आहे, आणि तुम्ही पहिलं वाक्य दुसऱ्याच्या नावावर खपवताय.

फ्रिमाँटकर

इथे अमेरिकेत दोन मुलं वाढवतेय, म्हणून लिहिते. पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो नाही. ओळखीतलं कुणीच गेलं नाही, कारण डिस्नेनेच आम्हाला तशी सवय लावली होती. २०२० च्या नाताळात 'सोल' थेट घरी, २०२१ मध्ये 'लुका' घरी, २०२२ च्या मार्चमध्ये 'टर्निंग रेड' घरी. तिन्ही पिक्सारच्या स्वतंत्र कथा, तिन्ही डिस्ने प्लसच्या वर्गणीतच. आणि 'लाइटइयर' मात्र थिएटरात! नव्या गोष्टी फुकट आणि जुनी नावं तिकिटाची, हे तीन वर्षं शिकवल्यावर चौथ्या वर्षी लोक का येत नाहीत म्हणून विचारायचं?

शेवटी गेलो ते शेजारणीने आग्रह केला म्हणून. चित्रपटात वस्तीतल्या किराणा दुकानाच्या काउंटरमागे बाप उभा आहे, दुकान मुलीला द्यायचं म्हणून आयुष्य झिजवलंय, आणि मुलीला ते नकोय, हे तिला सांगता येत नाही. बापाने देश सोडताना स्वतःच्या वडिलांपुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला होता, आणि वडिलांनी तो स्वीकारला नव्हता. शेवटी मुलगी बापाला तसाच नमस्कार करते. माझ्या रांगेत तेव्हा सगळे डोळे पुसत होते. दिग्दर्शक पीटर सोन यांचे आईवडील कोरियातून येऊन ब्रॉंक्समध्ये किराणा दुकान चालवायचे, हे मला नंतर कळलं. दक्षिण कोरियात या चित्रपटाची ७० लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली, सव्वापाच कोटींच्याही आतल्या लोकसंख्येच्या देशात. तिथेही गर्दी पुढच्या आठवड्यांत वाढत गेली.

सप्टेंबरात तो डिस्ने प्लसवर आला तेव्हा पहिल्या पाच दिवसांत २.६४ कोटी वेळा पाहिला गेल्याचं कंपनीने सांगितलं. खातेवही, तुमच्या वहीत याला रकाना आहे का?

खातेवही

आहे ना. पण तो रकाना कंपनीच भरते आणि कंपनीच वाचते. तिकिटाचे पैसे थिएटरवाला मोजतो. 'पाहिला गेला' म्हणजे किती डॉलर, हे बाहेरच्या कुणालाच तपासता येत नाही. जे तपासता येत नाही त्यावर मी 'यश' लिहिणार नाही.

शिवाय 'एलिमेंटल' एकच. २० जून २०२५ चा 'एलिओ' का विसरताय? तोही पिक्सारचा, तोही स्वतंत्र. पहिल्या तीन दिवसांत २.०८ कोटी डॉलर, पिक्सारच्या इतिहासातली सर्वांत कमी सुरुवात. थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोअरवर दोघांनाही 'ए' होता. म्हणजे गेलेल्यांना दोन्ही आवडले. तरी 'एलिओ' अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांच्या साडेतीन पटीवर थांबला, जगभर १५ कोटींच्या आसपास. थांबा, लोक येतील म्हणता. नेहमी येत नाहीत.

आटपाट_नगर

'एलिओ' पडला, मान्यच आहे. पण तो पडला हे तुम्ही पाहा कशावरून सांगताय: साडेतीन पटीवरून आणि शेवटच्या आकड्यावरून. माझंच माप वापरलंत. सोमवारी सकाळी दोघांवर एकच निकाल लागला होता, सप्टेंबरात दोघांचे निकाल वेगळे होते. म्हणून म्हणतो, सोमवारचा निकाल कुचकामी.

नफ्याचं म्हणाल तर पिक्सारचे अध्यक्ष जिम मॉरिस यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्येच सांगितलं होतं की थिएटरच्या कमाईवरच 'एलिमेंटल' खर्च भरून पुढे जाईल. ढोबळ वाट्यांवरून आपण एक-दोन कोटींचा वाद घालू शकतो, पण त्याला 'आपटला' म्हणत नाहीत.

शेवटची_रांग

त्याच दिवशी, २० जून २०२५ ला, नेटफ्लिक्सवर 'के-पॉप डेमन हंटर्स' आला. सोनीच्या ॲनिमेशन विभागाने केलेला, तोही स्वतंत्र कथेचा. ऑगस्टपर्यंत नेटफ्लिक्सवरचा आजवर सर्वाधिक पाहिलेला चित्रपट झाला, त्यातलं गाणं बिलबोर्ड या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत पहिलं. प्रेक्षक सोबत गातील असे थिएटरचे खेळ दोन महिन्यांनंतर लावले, तर तेही भरले. तिकीटबारी हेच माप धरलं तर त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला ॲनिमेशनपट हिशेबातच येत नाही.

आणि आपल्याकडचा 'महावतार नरसिंह'? पहिल्या दिवशी दोन कोटी रुपयांच्या आत, पुढे देशातच २०० कोटींच्या पार. धागाकर्त्याच्या मुद्द्याला +१.

खातेवही

'महावतार' इथे बसत नाही. प्रल्हाद, हिरण्यकश्यपू, खांबातून प्रकटणारा नरसिंह, हे घराघरांत कीर्तनापासून माहीत आहे. ओळख करून द्यायचा खर्च शून्य. तुम्ही स्वतंत्र कथेबद्दल बोलताय ना?

रेषाबहाद्दर

मी पुण्यात ॲनिमेशनमध्येच काम करतो. वाद गल्ल्यावर चाललाय, पण माझ्या मते मूळ रोग खर्चाचा आहे. 'एलिमेंटल'ची नायिका आग आहे. कपडे, केस, हात, सगळं क्षणोक्षणी हलणारी ज्वाळा. तिचा चेहरा वाचता यावा इतकी ती शांत हवी आणि आग वाटावी इतकी चंचल हवी. आम्ही आगीचा चार सेकंदांचा एक शॉट करताना आठवडे घालवतो. इथे ती प्रत्येक प्रसंगात, संवाद बोलत. त्यासाठी संगणकांचे दीड लाखांहून जास्त कोअर (आकडेमोड करणारे भाग) लावले होते. कलाकार म्हणून मी नतमस्तक आहे. पण त्यामुळे नव्या गोष्टीने पहिल्याच प्रयत्नात ५० कोटी डॉलर आणावेत अशी अट तयार होते, आणि ती कुठल्याही नव्या गोष्टीवर अन्याय करते.

लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा 'फ्लो' बघा. ब्लेंडर हे फुकट सॉफ्टवेअर, खर्च ३५ लाख युरो, एकही संवाद नाही. २०२५ चं ऑस्कर घेतलं आणि स्वतःच्या देशात थिएटरातला आजवरचा सर्वाधिक पाहिलेला चित्रपट ठरला. जगभरचा गल्ला पिक्सारच्या एका आठवड्याएवढा असेल, पण खर्चाच्या कितीतरी पट.

आणि खातेवही, हे निकाल कागदावर राहत नाहीत हो. मे २०२४ मध्ये पिक्सारने सुमारे १४ टक्के लोक कमी केले. 'इनसाइड आउट २' पुढच्याच महिन्यात आला, १६९ कोटी डॉलर कमावले. त्यानंतर रांगेत 'टॉय स्टोरी ५', 'इन्क्रेडिबल्स ३', 'कोको २' असे सिक्वेलच उभे राहिले.

आटपाट_नगर

यातलं प्रत्येक नाव कधीतरी स्वतंत्र कथाच होतं. १९९५ च्या नोव्हेंबरात वुडी आणि बझ ही नावं कुणालाच माहीत नव्हती. 'टॉय स्टोरी'चा पहिला शुक्रवार-शनिवार-रविवार २.९१ कोटी डॉलरांचा होता, 'एलिमेंटल'पेक्षाही थोडा कमी. त्या सोमवारी कुणी पिक्सारला निकालात काढलं नाही.

खातेवही

काढलं नाही, कारण तो ३ कोटी डॉलरांत झाला होता. पहिल्या रविवारीच गल्ला खर्चाला टेकला. महागाई धरून ६ कोटींत करा नवी गोष्ट, मी तुमच्या बाजूने भांडेन.