सिकलसेलची तपासणी शाळेतच व्हावी, पण निकाल वर्गात वाटू नका

गोमाईकाठ

नमस्कार मंडळी. शहादा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पुढच्या आठवड्यात पहिली ते आठवीच्या सगळ्या पोरांची सिकलसेल तपासणी आहे. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. सूचना आल्यापासून पालकांत दोन तट पडलेत. काही म्हणतात त्या दिवशी पोरगं शाळेत पाठवणार नाही. काही म्हणतात जो पाठवणार नाही त्याचं नाव लिहून घ्या. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो.

तपासणी शाळेतच व्हायला पाहिजे. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, तो होळीला परततो. या काळात घरोघर फिरणाऱ्याला कुलपं दिसतात. जून ते दिवाळी पोरं एका जागी सापडतात ती शाळेतच. 1 जुलै 2023 ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आहे, 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात शाळा सोडून हे काम पुढे सरकणार नाही.

माझा आक्षेप निकाल देण्याच्या पद्धतीला आहे. मागे एका शाळेत (नाव घेत नाही) निकालाची यादी वर्गात वाचली गेली. ज्यांच्या नावाभोवती लाल शाईचा गोल होता त्यांना उभं केलं. त्यात माझी भाची होती, सातवीत. घरी आली, दप्तर भिंतीशी टाकलं आणि भर दुपारी गोधडी ओढून झोपली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईने तिच्या आईला विचारलं, "पोरगीला रक्ताचा रोग निघाला म्हणे?" पुढे जिल्ह्याला मोठी तपासणी झाली, तेव्हा कळलं की ती फक्त वाहक आहे, म्हणजे दोष आईबापापैकी एकाकडूनच आलेला. तिला आजार नाहीच.

शाळेत बहुतेक ठिकाणी सोल्युबिलिटी टेस्ट करतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकतात, ते गढूळ झालं तर सिकलचा दोष आहे एवढंच समजतं. पोर वाहक म्हणजे एएस आहे की दोघांकडून दोष आलेला रुग्ण म्हणजे एसएस, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली मोठी तपासणी करावी लागते. मग अर्धवट निकाल वर्गात वाचायची घाई कशाला? निकाल बंद पाकिटात आईबापाच्या हातात द्यावा आणि देताना समजावून सांगणारं माणूस समोर असावं. आमच्या समितीत 75 टक्के सदस्य पालकच असतात, तेव्हा असा ठराव करणं आमच्या हातात आहे. तुमचं मत सांगा.

शिरपूरकर

भाऊ, पाकीट बंद असलं तरी गावात काही बंद राहत नाही. पोरं एकमेकांना विचारतील, तुझ्या घरी पाकीट आलं का? ज्याला आलं तो झाला रोगी. मला दोन मुली आहेत. सोयरीक जुळवताना पाहुणे आधी कानोसा घेतात, आणि एकदा नाव निघालं की 'पोरगीना रक्तमा दोष शे' एवढं एकच वाक्य पाच गावं फिरतं. तुमच्या भाचीचं जे झालं तेच माझं म्हणणं आहे. शाळा शिकवायला आहे. रक्ताचं काम दवाखान्याचं, तिथे आईबाप घेऊन जातील. मी माझ्या मुलींना त्या दिवशी पाठवणार नाही.

पाड्यावरची आशा

शिरपूरकर दादा, "आईबाप घेऊन जातील" हे वाक्य लिहायला सोपं आहे. मी धडगाव भागात काम करते. आरोग्य केंद्रात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. पोरगं हसतंखेळतं असेल तर त्याला रक्त तपासायला कोणी नेत नाही, आणि मी त्या आईला दोषही देत नाही.

पण न तपासल्याने काय होतं ते मी पाहिलंय. थंडी पडली की एका पोराचे हातपाय ठणकायचे, रात्रभर रडायचं. घरच्यांनी बडव्याकडे, म्हणजे गावठी मांत्रिकाकडे नेलं, पोटावर तापल्या लोखंडाचे डाग दिले. डोळे पिवळे म्हणून काविळीचं झाडपाल्याचं औषध झालं. तो एसएस आहे हे कळलं तो नऊ वर्षांचा असताना. आता हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे, दुखण्याचे झटके कमी झालेत. हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच चालतं, मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं. ते पोर आधी सापडलं असतं तर त्याच्या पोटावर ते डाग नसते. सोयरिकीची काळजी मला समजते, पण आधी पोराचं दुखणं.

गोमाईकाठ

ताईंनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. शिरपूरकर भाऊ, पाकिटाचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून सगळ्यांनाच पाकीट द्यायचं, निकाल काहीही असो. सारखा रंग, सारखा आकार.

आणि सोयरिकीबद्दल एक. नवराबायको दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के, निर्दोष असण्याची 25 टक्के. एकच जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर एसएस मूल होत नाही. म्हणजे वाहक मुलीचं लग्न कुठे अडत नाही, फक्त समोरच्या मुलानेही तपासणी केलेली असावी. तुम्ही मुलींना तपासूच नका म्हणता, मग पाहुण्यांच्या मुलाला तपासायला कोणत्या तोंडाने सांगणार?

सातपुडा मास्तर

मी आश्रमशाळेत शिकवतो. पाकीट थेट पालकांकडे आणि शिक्षकाला काहीच माहीत नाही, हे मला पटत नाही. पोरं महिनोन्महिने आमच्याकडे राहतात. एसएस पोराची लघवी पातळ आणि जास्त होते, तो तासात दोनदा परवानगी मागतो, रात्री अंथरूणही ओलं करतो. माहीत नसलेला शिक्षक त्याला खाली बसवतो. त्याला पाणी सारखं लागतं. डिसेंबरात पहाटे थंड पाण्याने अंघोळ घातली की दुखणं उसळू शकतं. कवायतीत दमवून, उन्हात उभं करून चालत नाही.

आणि काही गोष्टी आम्हाला त्याच क्षणी ओळखता आल्या पाहिजेत: ताप भरला, छातीत दुखून धाप लागली, चेहरा एकदम पांढरा पडला, डाव्या कुशीत पोट फुगलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना. गुप्तता ठेवा, पण एसएस मुलांची नावं मुख्याध्यापक आणि अधीक्षकांकडे हवीतच.

गोमाईकाठ

सर, एसएससाठी मान्य. पण वाहकांची यादी शाळेला कशाला? त्यांना पाणी, कवायत, परवानगी यात साधारणपणे वेगळं काही लागत नाही. ती यादी शाळेच्या कपाटात राहिली की आज ना उद्या कोणीतरी वाचणार. आणि एसएसचं नावही पालकांना विचारूनच शाळेकडे यावं.

देवपूर धुळे

हा आजार आदिवासी भागातला. आमच्या शहरातल्या शाळेतही सगळ्यांना रांगेत उभं करणार का? उगाच भीती पसरते.

लॅबवाला

देवपूरकर, हा दोष जात विचारत नाही. जिथे पिढ्यान्पिढ्या हिवताप जास्त होता तिथे तो टिकला, कारण वाहकाला हिवतापाचा जीवघेणा प्रकार कमी बाधतो. म्हणून सातपुड्याच्या पट्ट्यात तो जास्त आहे. पण विदर्भात इतर समाजांतही भरपूर सापडतो. नेमक्या एकाच समाजाची पोरं रांगेत उभी केलीत तर वर्गाने त्यांच्याकडे कसं बघावं हे तुम्हीच ठरवून दिलंत. तपासायचं तर सगळा वर्ग.

आणखी एक, पालकांसाठी. रक्त कमी आहे म्हणून शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या चांगल्या आहेत. पण एसएस पोराचं रक्त कमी होतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह कमी असेलच असं नाही. ज्याला वरचेवर रक्त चढवावं लागतं त्याच्या अंगात लोह साठतं. अशा पोराला लोहाची गोळी डॉक्टरला विचारूनच द्या. फॉलिक ॲसिड मात्र त्यांना साधारणपणे देतातच.

पाड्यावरची आशा

आणि सवलतीही सांगा ना कोणीतरी! एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवास आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात हा आजार धरलेला आहे. आईबाप लपवत बसले तर हे पोराला मिळणार कसं? प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी नाव लागतं.

शिरपूरकर

ताई, तुमच्या त्या पोराचं वाचून वाईट वाटलं. रुग्ण सापडायला पाहिजे हे मी नाकारत नाही. सगळ्यांना सारखं पाकीट हेही बरं आहे. तरी माझी हरकत कायम आहे, कारण तुम्ही लोक चांगलं वागाल म्हणून प्रत्येक शाळा वागेल असं नाही. मला लेखी पाहिजे. आधी आईबापाची सही, नाही म्हणणाऱ्यावर जबरदस्ती नाही, वाहकांची यादी शाळेत राहणार नाही, आणि वर्गात नाव वाचलं तर जबाबदार कोण, तेही. पाकीट देताना समजावणार कोण? शिपायाच्या हातून पोहोचवलं तर ते कागदच झालं.

गोमाईकाठ

तुमच्या चारही अटी सोमवारच्या बैठकीत ठरावात घालतो. समजावण्यासाठी आशाताई आणि आरोग्य केंद्रातलं एक माणूस मागणार आहे. बाजाराच्या दिवशी आईबाप तसेही गावात येतात, तोच दिवस धरू. एकेका घराला वेगळं बसवून, दार लोटून सांगायचं.

सातपुडा मास्तर

बाजाराच्या दिवशी सकाळची वेळ ठेवा. दुपारनंतर लोक परतीच्या गाडीच्या घाईत असतात. आणि समजावणारा भिली किंवा पावरी बोलणारा असू द्या. "वाहक" म्हटलं की आमच्याकडच्या निम्म्या आया रोगच समजतात.

शिरपूरकर

ठराव झाला की त्याचा फोटो इथे टाका. तोवर माझ्या मुली त्या दिवशी घरीच.