पृथ्वीभोवतीचे ‘थंड’ कण: सूत्रधार की नुसती पार्श्वभूमी?

निशाचर (धागालेखक):
व्हॅन ॲलन पट्टे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे पट्टे, म्हटलं की चर्चा लगेच लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (कणांच्या ऊर्जेचं एकक) कणांवर जाते. त्याच परिसरात प्लाझ्मास्फियर (विद्युतभारित कणांचा, म्हणजे प्लाझ्माचा, दाट थर) आहे, तिथल्या कणांची ऊर्जा जेमतेम १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. (तापमानात मोजलं तर हेही ११,००० अंशांच्या वर, तरी नाव ‘थंड’च.) संख्येत मात्र त्यांना तोड नाही. आतल्या भागात घनसेंटिमीटरमागे हजारो, आणि प्लाझ्मापॉज ही सीमा ओलांडली की घनता धाडकन कोसळते. शांत काळात ही सीमा पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ४-५ त्रिज्यांवर असते. प्लाझ्मात विद्युतचुंबकी लाटा उठतात: सीमेच्या आत ‘हिस’ लाटा वेगवान इलेक्ट्रॉनांना वातावरणात ढकलतात, बाहेर ‘कोरस’ लाटा त्यांना आणखी वेग देतात. माझ्या मते वेगवान कणांचं भवितव्य हे थंड कणच ठरवतात.

ध्रुवप्रकाश:
नाही पटलं. उपग्रहाच्या आत घुसून इलेक्ट्रॉनिक्स बिघडवतात ते वेगवान इलेक्ट्रॉन. चुंबकी वादळात जमिनीवरचं चुंबकी क्षेत्र कमी होतं ते मुख्यतः रिंग करंटमुळे (पृथ्वीभोवती कड्यासारखा वाहणारा विद्युतप्रवाह), आणि त्याचे कण हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. थंड कण एरवी पृथ्वीबरोबर गोल फिरतात. वादळ आलं की बाहेरचा थर सूर्याच्या दिशेने वाहून जातो. विद्युत क्षेत्र नेईल तिकडे जाणाऱ्याला सूत्रधार कसं म्हणायचं?

शीळ:
थंड कणांकडे होणाऱ्या दुर्लक्षाचं एक साधं कारण राहिलं: हे कण पकडणंच कठीण. उन्हातल्या उपग्रहाच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन उडतात आणि तो काही व्होल्ट धनभारित होतो. १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन मग उपकरणापर्यंत पोचतच नाही, परतवला जातो. म्हणून घनता बऱ्याचदा लाटांवरून काढतात. शास्त्रज्ञ कार्पेंटर यांनी १९६३ साली प्लाझ्मापॉज दाखवला तोही जमिनीवर व्हिसलर (विजेमुळे उठणाऱ्या, शिळेसारख्या रेडिओ लाटा) टिपून. आकाशातल्या विजेची रेडिओ लाट पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्ररेषेवरून दुसऱ्या गोलार्धात जाते. उंच सूर आधी पोचतात, खालचे मागाहून, आणि स्पीकरवर उतरत जाणारी शीळ ऐकू येते. वाट तीच असेल, तर शीळ जितकी रेंगाळेल तितके वाटेत इलेक्ट्रॉन जास्त. एवढ्यावरून ही सीमा सापडली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

निशाचर:
@ध्रुवप्रकाश, वाहून जातात हे मान्यच. पण गेल्यावर काय होतं ते बघा. खरवडलेला थर आयनावरणातून पुन्हा भरायला कित्येक दिवस लागतात. ऐन त्या दिवसांत बाहेर घनता कमी असते, आणि विरळ प्लाझ्मातच कोरस लाटा इलेक्ट्रॉनांना जास्त ऊर्जा देऊ शकतात. थंड कणांची *अनुपस्थिती*सुद्धा परिणाम घडवते.

ध्रुवप्रकाश:
हा मुद्दा मानतो, पण अर्धाच. कोरस उठवतात ते पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राच्या, सूर्याच्या विरुद्ध बाजूला लांबलेल्या शेपटीकडून आत येणारे, हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन. ते आलेच नाहीत, तर घनता कितीही उतरली तरी वेग द्यायला लाटच नसेल.