निवृत्तीच्या पुंजीत सोने किती धरावे, आणि ते ठरवावे कोणी?

प्रश्न (दापोली तालुका)

माझे वय 56 आणि पत्नीचे 53 आहे. मला निवृत्तिवेतन मिळणार नाही. आमची भिस्त पीपीएफ, बँकेतील ठेवी आणि नारळ-सुपारीची वाडी यांवर आहे. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने ती वाडी एका दुपारी आडवी केली, तेव्हा पत्नीने हातातल्या चार पाटल्या काढून बँकेत तारण ठेवल्या आणि त्या पैशांतून आम्ही नवी रोपे लावली. तेव्हापासून तिचे म्हणणे असे की, दर गुरुपुष्यामृताला एक वेढणे (चोख सोन्याची साधी, वळ्यासारखी अंगठी) घ्यावे आणि शिल्लक सोन्यातच राहावी. मला तिचे म्हणणे खोटे वाटत नाही, पण सोने दरमहा घरखर्चाला पैसे देत नाही, ही काळजी मला झोपू देत नाही. ज्या दांपत्यांनी यावर एकमत केले, त्यांनी ते कसे केले?

उत्तर (गुहागर)

आधी अंगावरचे सोने आणि गुंतवणुकीचे सोने वेगळे करा. आमच्या घरी यजमानांनी निवृत्तीचा हिशेब मांडताना माझे सगळे डाग, म्हणजे दागिने, त्यात धरले होते, मला न विचारता. पुढे मुलीच्या लग्नात मी तिला गोठ आणि मोहनमाळ दिली, तेव्हा कागदावरची रक्कम एकदम तुटली आणि आम्हा दोघांनाही वाईट वाटले. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, ती पती-पत्नीची सामाईक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तुमच्या पत्नीने पाटल्या दिल्या त्या स्वखुशीने. पुढच्या वेळीही त्या देतील असे गृहीत धरून बेत आखू नका.

उत्तर (मालवण, बँकेतून निवृत्त)

वरील मताशी मी सहमत आहे. राहिलेल्या सोन्याबद्दल सांगायचे तर, दागिना घेताना आपण घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी भरतो, आणि मोडताना यांपैकी काहीही परत मिळत नाही. त्यामुळे पुंजी म्हणून दागिना सर्वांत महाग पडतो. वेढण्याला घडणावळ फारशी नसते, म्हणून वहिनींची निवड शहाणपणाची आहे. सुवर्ण रोख्यांवर, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेल्या सरकारी रोख्यांवर, वर्षाला अडीच टक्के व्याज मिळते, परंतु फेब्रुवारी 2024 नंतर सरकारने नवी मालिका काढलेली नाही. आज नव्याने घ्यायचे तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड, हा सोपा मार्ग आहे, आणि तो ज्यात जमा होतो ते डिमॅट खाते दोघांच्या नावे असावे.

भावाबद्दल एक आठवण ठेवा. 2012 मध्ये दहा ग्रॅमचा भाव 31 हजारांच्या आसपास होता. तो मध्यंतरी उतरला आणि 2018 पर्यंत जवळपास तिथेच घुटमळत राहिला. ज्याची निवृत्ती नेमकी त्या सहा वर्षांत आली आणि ज्याची सारी पुंजी सोन्यात होती, त्याला महिन्याच्या किराण्यासाठी सोने मोडावे लागले असते. म्हणून माझ्या मते घरखर्चाची तजवीज आधी व्हावी. साठी उलटल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हाती येते. सोने एकूण पुंजीच्या दहा-पंधरा टक्क्यांवर जाऊ देऊ नये, आणि ते वादळासाठी राखावे. तुमच्या घरात त्याने ते काम एकदा केलेलेच आहे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनःपूर्वक आभार. रविवारी आम्ही सगळे डाग घेऊन आमच्या नेहमीच्या सराफांच्या पेढीवर गेलो. एकूण वजन 186 ग्रॅम भरले. आत भरलेली लाख, मणी आणि मोती वजा जाता 161 ग्रॅम उरले, म्हणजे 22 कॅरेटच्या हिशेबाने चोख सोने साधारण एकशे साडेसत्तेचाळीस ग्रॅम. आजवर मी मनाशी वीस तोळे धरून चाललो होतो.

त्यानंतर पत्नीनेच वहीत लिहिले की, दागिने हिशेबात धरायचे नाहीत. वर्षाला दोन वेढणी घ्यायची, बाकी सोने ईटीएफमध्ये. आणि मोडायचे किंवा तारण ठेवायचे ते दोघांच्या संमतीनेच. मी घरखर्चाची तजवीज मांडून दाखवली, ती तिने दोनदा तपासली. वेढणी मात्र ती दोनऐवजी तीन म्हणते आहे, आणि त्यावर आमचे बोलणे अजून चालू आहे.