मदत हवी आहे: गाडीतल्या हॅम सेटवर अल्टरनेटरची शिट्टी

गाडीत २ मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) ५० वॅटचा हॅम म्हणजे हौशी रेडिओ सेट बसवलाय, लायसन्स आहे. वायर थेट बॅटरीवरून, दोन्ही बाजूंना फ्यूज. अँटेना छतावर मॅग्नेट माउंट, १४५ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.३, म्हणजे तिथे लोचा नसावा. इंजिन बंद असताना सगळं स्वच्छ, पण चालू केलं की समोरच्याला माझ्या आवाजामागे अल्टरनेटरची (इंजिनवर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बारीक शिट्टी ऐकू येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीही चढते. मला ऐकताना काही त्रास नाही. पॉवर १० वॅट करून पाहिली, वायरवर क्लिपवाले फेराइट (नॉइज अडवणारे चुंबकीय मणी) लावले (शिट्टीच्या एवढ्या खालच्या फ्रिक्वेन्सीला ते काय करणार म्हणा), फरक शून्य. गाडी वॉरंटीत आहे त्यामुळे मूळ वायरिंगला हात लावायचा नाही, आणि मायनस टर्मिनलवर बॅटरी सेन्सर (बॅटरीचा करंट मोजणारा) आहे. तर सेटची मायनस वायर तिथून काढून बॅटरीजवळच्या चासी बोल्टवर घेऊ, का सरळ २० अँपिअरचा लाइन फिल्टर (सप्लाय वायरमधला नॉइज गाळणारा) टाकू?