दार्दानेल्स 1915 : अपयश ट्रॉलरवरच्या मच्छीमारांचे की त्यांना धाडणाऱ्यांचे?

सुकाणू :
पहिल्या महायुद्धात, मार्च 1915 मध्ये, तुर्कस्तानची दार्दानेल्सची सामुद्रधुनी निव्वळ नौदलाच्या बळावर फोडण्याचा ब्रिटिश-फ्रेंच बेत फसला आणि त्याचे खापर माइनस्वीपर (पाणसुरुंग काढणाऱ्या नौका) म्हणून आणलेल्या ट्रॉलर या मासेमारी बोटींवरच्या खलाशांवर फुटले. ठपका ठेवणाऱ्यांत ब्रिटिश नौदलाचे कमोडोर रॉजर कीज आघाडीवर होते. मला हा अन्याय वाटतो. उत्तर समुद्रात मासेमारी करणाऱ्या या बोटी जोडीने चालत आणि मधे ताणलेल्या तारेच्या दोराने पाणसुरुंग ओढून काढत. दोर पाण्यात असताना वेग इतका मंदावे की सामुद्रधुनीच्या उलट्या प्रवाहात त्या जेमतेम पुढे सरकत, आणि तेही शोधदिव्यांच्या झोतात, दोन्ही काठांवरच्या तोफांच्या टप्प्यात. त्यात बोटीचा तळच सुरुंगांपेक्षा खोल. म्हणजे सुरुंग काढायला निघालेलाच आधी उडायचा.

बुरूज :
सहानुभूती ठीक आहे, पण ही माणसे रीतसर राखीव नौदलात दाखल झालेली होती. 10 मार्चच्या रात्री प्रवाहाचा फायदा मिळावा म्हणून त्यांना सुरुंगांच्या रांगा ओलांडून वरच्या अंगाला नेले, तर बहुतेक जोड्यांनी दोर खोल नेणाऱ्या फळ्या पुरेशा खाली सोडल्याच नाहीत. 18 मार्चच्या दुपारी पुढे बोलावल्यावर तोफमारा सुरू होताच त्या माघारी वळल्या. त्याच दिवशी ‘बूवे’ ही फ्रेंच युद्धनौका सुरुंगावर आदळून काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली.

तांडेल :
13 मार्चची रात्र आपण सोयीस्कर वगळलीत. तोवर ट्रॉलरवर नौदलाचे स्वयंसेवक चढले होते, तरीही तोफमाऱ्यात बहुतेक बोटींची दोर ओढण्याची यंत्रेच निकामी झाली आणि सोबतच्या ‘अमेथिस्ट’ या क्रूझरवर वीसहून अधिक जण मेले. माणसे बदलली, निकाल तोच. आणि ट्रॉलर ज्या काढायला जात होते त्या केफेझजवळच्या सुरुंगांच्या रांगांवर ‘बूवे’ बुडालीच नाही. 8 मार्चच्या पहाटे ‘नुसरत’ या तुर्की नौकेने एरेनकोय उपसागरात किनाऱ्याला समांतर पेरलेल्या 26 सुरुंगांनी तिचा आणि ‘इरेझिस्टिबल’, ‘ओशन’ या ब्रिटिश युद्धनौकांचा घास घेतला. केफेझला ट्रॉलर कितीही शौर्याने लढले असते, तरी ही रांग तिथेच राहिली असती.

बुरूज :
मग तो उपसागर दहा दिवस नीट का तपासला नाही? सुरुंग शोधणे हेच तर त्यांचे काम होते!

सुकाणू :
कुठले पाणी झाडायचे हे ट्रॉलरचा कप्तान ठरवत नसे. ते पाणी आधीच साफ झाले असे धरून चालणारे लोक ध्वजनौकेवर होते. विनाशिकांना सुरुंग काढण्याची साधने बसवण्याचे काम 18 मार्चनंतर नेटाने हाती घेतले गेले आणि एप्रिलमध्ये त्या सज्जही झाल्या, कितीतरी अधिक वेगाने दोर ओढू शकणाऱ्या. म्हणजे उपाय ताफ्यातच उभा होता. फेब्रुवारीत हल्ला सुरू करताना तो कोणी मागितला नाही, याचा जाब मच्छीमारांना कसा विचारायचा?